एक शेत, एक नाव

सुधाकर हा केळी बाहेरदेशी पाठवणाऱ्या कंपनीचा माणूस. बावीस सालच्या उन्हाळ्यात तो आमच्या ओट्यावर बसून सांगत होता, की आखातातल्या एका देशाशी सरकारचा करार झालाय, तिकडच्या बंदरात आपल्या केळीवरचा कर उठणार, आता भाव बऱ्हाणपूरच्या मंडीचा नाही, जहाजाचा. गोड बोलणारा माणूस मला मुळातच आवडत नाही.

"अन् बदल्यात आमच्याकडून काय पाह्यजे?" मी विचारलं.

"काही नाही वसंतभाऊ. बस, एक शेत, एक नाव. अन् सलग पाच एकर तरी. केळात औषध जादा निघालं तर कोणाले धरू, असं तिकडचा खरीददार विचारते."

इथेच घोडं अडलं. आमचं तापीकाठचं आठ एकर माझ्या थोरल्या भावाचं, वामनदादाचं, आणि माझं, सामाईक. अर्ध्यात नवती, म्हणजे नवी लागवड. अर्ध्यात पिलबाग, म्हणजे जुन्या खोडाच्या पिलांवरचं पीक. यंदा नवती दादाची, तर पुढच्या साली माझी. मध्ये बांध नाही, लेखी काही नाही. अशा शेताचं एक नाव कोणतं, हे दिल्लीत सह्या करणाऱ्यांनी आम्हाला थोडंच विचारलं होतं!

दोन दिवसांनी दादा एकटाच सुधाकरच्या मोटारसायकलवर बसून शहरात गेला. संध्याकाळी आला, एक लिफाफा पेटीत ठेवला, कुलूप लावलं आणि जेवायला बसला. मी विचारलं नाही. ज्याला सांगायचं असतं तो आपणहून सांगतो.

शहरातल्या इतवारा बाजारातल्या झेरॉक्सवाल्यानं माझ्या बायकोला, मंगलाला सांगितलं, की दादानं जमिनीच्या कागदांच्या चार-चार नकला काढल्या.

"आज केळीवर त्याहिचं नाव, उद्या जमिनीवर," मंगला म्हणाली. मला पटलं. खोटं कशाला बोलू, मला आधीच पटलेलं होतं.

मग सगळ्यातच मला काळंबेरं दिसू लागलं. दादा फोनवर हळू बोलला की माझे कान टवकारायचे. वहिनीनं आमरस धाडला, तर वाटलं, तोंड बंद ठेवायला धाडलाय. रस मात्र मी दोन वाट्या खाल्ला.

शेवटी एका सकाळी मळ्यात जाऊन म्हणालो, "दादा, बटवारा करून टाकू."

दादा वाळकी पानं कापत होता. त्याचा विळा थांबला.

"आजच काहून?"

"कधी ना कधी करनंच आहे."

त्यानं विळा पुन्हा पानाला लावला. "कर अर्ज. मी दस्तखत देतो."

इतक्या सहज हो म्हणाला म्हणून माझा संशय आणखीच वाढला. तहसिलीत मीच खेटे घातले, मोजणीला पटवाऱ्याला मीच आणलं, नवतीकडचे चार एकर मीच अडून मागितले. दिवाळीच्या आत बांध पडला.

दिवाळीनंतर सुधाकर तपासणीच्या साहेबाला घेऊन मळ्यात आला. दादा आणि मी तिथंच होतो. फाइल उघडून माझ्यापुढे धरली.

"करा दस्तखत. नोंदणी पास झाली. मालक तुम्ही."

कागदावर माझं नाव होतं. खाली संमती म्हणून दादाची सही, तारीख उन्हाळ्यातली.

"माझं कसं?"

"वामनदादांनीच टाकलं. म्हणाले, साहेबलोकांशी बोलनं त्यालेच जमते."

तेवढ्यात साहेबाला नवा बांध दिसला. "यह तो चार एकड़ हुआ," तो म्हणाला आणि फाइल मिटली.

मी दादाकडे वळलो. "सांगितलं काहून नाही?"

"पास झाल्यावर सांगनार होतो. तू त्याच्या आधी वाटनी मागली. मंग काय सांगू? भीक मागल्यावानी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुधाकर घाईत होता. "अजून रस्ता आहे. एकानं आपले चार एकर दुसऱ्याच्या नावे दहा वर्षांसाठी लिहून द्या. कागद आनला आहे. नाही तर पलीकडच्या गावात पन्नास एकरवाला तयारच आहे."

दादानं पेन माझ्यापुढे धरला. "मी एकदा तुझं नाव टाकलं. आता तू माझं टाक."

पेन घेतला. लाज वाटत होती, डोळे भरून आले होते. आणि तरीही मी तो कागद उलटून पाहिला, मागं काही बारीक लिहिलेलं तर नाही ना म्हणून.

दादानं ते पाहिलं. माझ्या हातातून पेन काढून घेतला, त्याला टोपण लावलं आणि सुधाकरला म्हणाला, "जा भाऊ, त्या पन्नास एकरवाल्याकडे जा."