एका कागदावरच्या दोन फांद्या

"कुमुदिनी, बस सुटतेय! मिळेल ती फांदी तोड आणि ये!"

मसुरीच्या उतारावरची ती हाक अजून माझ्या सुकल्या पानांत आहे. मित्रांनो, मी दिल्लीतल्या एका कॉलेजच्या कपाटातला जुना नमुना. जाड कागदावर चिकटवलेली रानटी रासबेरी, गुलाबाच्या कुळातली. आमच्यात पहिल्या वर्षीच्या फांदीला नुसती पानं, दुसऱ्या वर्षीच्या फांदीला फुलं. ओळख पटायला एकाच झुडपाच्या दोन्ही फांद्या लागतात. कॉलेजच्या सहलीला आलेल्या कुमुदिनीनं फुलांची फांदी एका झुडपाची तोडली आणि घाईघाईत पानांची शेजारच्या, वेगळ्याच जातीच्या झुडपाची.

तिचे नरसिंह सर मला पाहून हरखले. "पोरी, ही तर नवीच जात!" त्यांनी तिला पेढा भरवला, मला नवं नाव दिलं. पेढा तोंडात, त्यामुळे तिचं सांगायचं राहिलं. मग राहूनच गेलं.

पुढं जो अभ्यासक येई तो मला या गटातून त्या गटात हलवी आणि कोपऱ्यात नव्या नावाची चिठ्ठी डकवी. जुनी चिठ्ठी काढायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. सात चिठ्ठ्या झाल्या. एका अंगावर दोन झाडं वागवून थकलो हो मी.

शहाण्णव साली प्रयोगशाळेत कॉम्प्युटर आले, आमचं कपाट जिन्याखाली गेलं. तिथं अक्षया येऊन बसे. सगळ्या रासबेऱ्यांचं वर्गीकरण हा तिचा प्रबंध. तीन वर्षं राबली पोर, आणि मी एकटा तिच्या कुठल्याच गटात बसेना.

"मॅडम, बिल्कुल नाही बसत यार हा!"

"मॅडमना यार म्हणतेस?" कुमुदिनी म्हणाली. ती आता विभागप्रमुख, केस पिकलेले.

"सॉरी. पण गाईड म्हणतात, माझी मांडणीच चुकली. सोडतेय मी. नोएडाच्या एका ऑफिसात सोमवारपासून बोलावलंय."

"तिथं काय करणार गं?"

"फोन घेणार. फोनवरचा माणूस निदान स्वतःचं नाव तरी सांगतो!"

कुमुदिनी हसली नाही. माझ्यावरची धूळ तिनं पदरानं पुसली.

मित्रांनो, आम्हाला जपायला डांबराच्या गोळ्या घालता, घाला. पण जोडीला खरं तेवढं लिहून ठेवा.

तिनं एक कोरी चिठ्ठी ओढली, पेनाचं टोपण काढलं.

"तुझी मांडणी बरोबर आहे, अक्षया. ही पानांची फांदी दुसऱ्या झुडपाची आहे. मीच तोडलीय. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."