गाणं कुठवर आलं

त्याने बटण दाबून धरलं आणि गाणं भरभर पुढे पळू लागलं. सोडलं, तर गायिका एका शब्दाच्या मधोमध सापडली. हे नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. या खेपेला बासरी लागली, पण ही पहिल्या कडव्यानंतरची की दुसऱ्या, हे काही केल्या आठवेना. गाडीचं बॉनेट अजून उघडंच होतं आणि त्याच्या आडून गॅरेजवाला नव्या बॅटरीचे नट आवळत होता.

"टेप बिघडलाय का?" हात पुसत खिडकीशी येऊन त्याने विचारलं.

"बिघडला नाही. विसरलाय."

"विसरणारच. जुनी बॅटरी काढली की तो सगळं विसरतो. घड्याळसुद्धा बारा दाखवतंय बघा. पहिल्या गाण्यापासून लावा, काय फरक पडतो?"

"पडतो," तो म्हणाला आणि त्याने पुन्हा बटण दाबलं.

जगात नाना तऱ्हेची माणसं असतात अशा अर्थाची मान हलवून गॅरेजवाल्याने बॉनेट आपटलं.

फरक कसा पडत होता, ते गॅरेजवाल्याला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. गाडीच्या मालकाचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. बायको आणि तो वेगळे झाले त्याला बरीच वर्षं झाली होती. मुलगी आईकडे राहायची, नदीपलीकडच्या गावात. दर रविवारी सकाळी हा तिला घेऊन यायचा आणि संध्याकाळी नेऊन सोडायचा. मुलीचं कागदोपत्री नाव चांगलं भारदस्त होतं, पण घरात ती ठकू होती आणि आता त्याच्या नाकाला टेकेल एवढी उंच झाली तरी ठकूच राहिली होती.

ठकू लहान असताना एका संध्याकाळी गाडी आईच्या फाटकाशी पोचली तेव्हा गाणं अर्ध्यावर होतं. ती उतरेना. वरच्या खिडकीत आई उभी, खाली ही पट्टा घट्ट धरून बसलेली. तेव्हा तो म्हणाला होता, "राहिलेलं पुढच्या रविवारी ऐकू. मीपण मध्ये ऐकणार नाही. शप्पथ." लहान मुलांपुढे घेतलेल्या शपथा सकाळपर्यंत टिकल्या तरी खूप. पण पुढच्या रविवारी गाडीत चढल्याचढल्या, पट्टासुद्धा न लावता, ती म्हणाली, "लाव." त्याने लावलं, आणि गाणं जिथे थांबलं होतं तिथून, जणू मधला आठवडा आलाच नव्हता असं, पुढे सुरू झालं.

तेव्हापासून हेच चालत आलं होतं. संध्याकाळी फाटकाशी जे गाणं सुरू असेल ते तिथेच तोडायचं. आठवडाभर टेपला हात लावायचा नाही. तो हत्यारांची पेटी घेऊन गावभर हिंडायचा, पण गाडीत चिडीचूप. त्याचा जोडीदार म्हणायचा, "तुझी गाडी म्हणजे वाचनालय. खोकायचीसुद्धा भीती वाटते."

खरं तर त्याला ते अर्धं गाणं आवडायला लागलं होतं. लिफ्टच्या काळोख्या विहिरीत, डब्याच्या टपावर बसून तो तारा तपासत असे तेव्हा ते खालून हळूहळू वर यायचं. एकेका मजल्याच्या फटीतून उजेडाची पट्टी आत आलेली असायची, कुठेतरी कुणी दार लावायचं, कुणी हसायचं, आणि गाणं त्या पट्ट्या ओलांडत वर वर येऊन बरोबर त्या जागी उभं राहायचं. पुढचा मजला ठाऊक असूनही तो गाण्याला वर जाऊ द्यायचा नाही. पुढची ओळ मनातल्या मनातसुद्धा म्हणायची नाही, हा त्याचा स्वतःशी केलेला जादा नियम. मग बुधवार गुरुवार कधी सरायचे, ते त्याला कळायचंही नाही.

पण या वर्षी ठकू बदलली होती. गुडघे डॅशबोर्डला टेकवून बसायची, मोबाइलमध्ये बघून मधूनच एकटी हसायची. विचारलं तर "काही नाही." एखाद्या रविवारी ती "लाव" म्हणणार नाही, अशी धास्ती त्याने घेतली होती. ती धास्ती त्याने कुणाला सांगितली नव्हती, आणि आज नेमका टेपनेच घोटाळा केला होता. आतला दिवा रात्रभर जळत राहिला, बॅटरी बसली, आणि गाण्याची जागा गेली ती गेलीच.

शेवटी एक बासरी निवडून तो निघाला.

ठकू फाटकाशी उभीच होती. दार उघडून, पाय आत घेता घेता ती म्हणाली, "लाव." त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने लावलं. दिव्यावरचं गाणं होतं ते, संथ, झोपेत चालल्यासारखं. ठकू जरा वेळ ऐकत राहिली, मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"बाबा, हे झालंय."

"झालंय?"

"तू ऐकलंस ना मध्ये?"

"नाही गं. बॅटरी बदलली. टेप सगळं विसरला. मी अंदाजाने लावलं."

"टेप नाही रे, स्टिरिओ," ती म्हणाली आणि तिने स्वतःच बटण दाबून धरलं. गाणं पुढे पळालं, मागे आलं, पुन्हा थोडं पुढे. "दुसऱ्या कडव्याची शेवटची ओळ ती दोनदा म्हणते. दुसऱ्यांदा म्हणायच्या आधी श्वास घेते बघ. तिथे थांबलं होतं."

तिने बोट उचललं आणि गायिकेने श्वास घेतला.

तो बघतच राहिला. "एवढं लक्षात ठेवतेस?"

"ठेवावं लागतं," ती म्हणाली आणि बाहेर बघू लागली.

त्याने आणखी विचारलं नाही. माणूस स्वतःला सोयीचा अर्थ चटकन काढतो, तसा त्यानेही काढला आणि दिवसभर त्यावर खूश राहिला. दुपारी ठकू फरशीवर पालथी पडून भूगोलाचे नकाशे रंगवत होती. पडद्यातून येणारं ऊन तिच्या समुद्रांवर हलत होतं. तो आरामखुर्चीत पडल्या पडल्या अर्धवट झोपला होता आणि झोपेत त्याला वाटत होतं की खोली हळूच वर चढते आहे, कुठल्याच मजल्यावर न थांबता. जाग आली तेव्हा ती त्याच्या चष्म्याच्या काचा पुसत बसली होती.

"किती घाण करतोस रे," ती म्हणाली. "तुला दिसतं तरी कसं?"

संध्याकाळी ते निघाले. रस्त्यावर गर्दी नव्हती. नदीवर धुकं उतरायला लागलं होतं आणि पुलाचे पलीकडचे खांब त्यात बुडाले होते, त्यामुळे पूल अर्ध्यातच संपतो आहे असं दिसत होतं. टेपवर एक जुनं, लांबलचक गाणं चाललं होतं. अशा वेळी हा रस्ता असाच राहावा, पलीकडचं गाव कधी येऊच नये, असं त्याला अगदी मनापासून वाटायचं.

"बाबा, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"रागावलो तर इथेच उतरवीन. पोहत जा."

ती हसली नाही. "पुढच्या महिन्यापासून मी बसने आले तर? माझी मैत्रीण येते, तिच्या मावशीकडे. तुला उगीच दोनदा यावं लागतं आणि दोनदा जावं लागतं."

"ये की," तो म्हणाला. फार लवकर म्हणाला. मग स्टिअरिंगवरचे हात त्याने उगीचच वर-खाली केले. एवढे दिवस ज्याला भीत होता ते हेच, आणि ते इतक्या साध्या शब्दांत येईल असं त्याला वाटलं नव्हतं. "मोठी झालीस. काही हरकत नाही. आईला विचारलंस?"

"विचारलं ना."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मग गाण्याचं काय?"

त्याचा पाय आपोआप उचलला गेला. गाडी मंदावली आणि मागच्या टेम्पोने हॉर्न मारला.

"तिला काय माहीत गाण्याचं?"

"म्हणजे काय?" ठकूला त्याच्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "मी वर गेले की चपला काढायच्या आत विचारते, कुठवर आलं. मी सांगते, अमक्या गाण्याच्या तमक्या ओळीपर्यंत. मग पुढचं ती म्हणते."

"म्हणते म्हणजे, सांगते?"

"गाते रे. भांडी पुसता पुसता. पूर्ण होईपर्यंत मी ओट्यावर बसते."

"दर रविवारी?"

"दर रविवारी. नीट सांगितलं नाही तर चिडते. म्हणते, नुसतं अर्ध्यावर आलं म्हणू नकोस, कुठला शब्द ते सांग."

पूल संपला.

"म्हणजे पुढचं तुला आधीच ठाऊक असतं," तो म्हणाला.

"असतं. पण रविवारी खरं गाणं असतं ना. आईचं कधीकधी चुकतं. ती म्हणते माझं नाही चुकत, ती बाई चुकते."

हे ऐकून त्याला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. गाडी नवी होती तेव्हा ही सगळी गाणी ठकूच्या आईनेच एका पेन ड्राइव्हवर भरली होती. चार-पाच संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसून, जसं सुचेल तसं, एकामागून एक. टेप त्याच क्रमाने वाजवायचा. तेव्हा ती घरभर गायची, जिन्यात गायची, फोन उचलायच्या आधी ओळ संपवायची. पुढे कधीतरी तिचं गाणं थांबलं. कुठल्या दिवशी, ते दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. एका दुपारी त्याला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली आणि मग ती ऐकूच येत राहिली. वेगळं होताना भांडण असं झालं नाही. गाडी त्याच्याकडे आली आणि पेन ड्राइव्ह गाडीतच राहिला, कुणी मागितला नाही. पण आपल्या घरात तो आवाज विझला, हे त्याच्या मनातून कधी गेलं नव्हतं. तो परत लागेल असं त्याला वाटलं नव्हतं. आणि इतकी वर्षं, तो फाटकाशी गाणं तोडून गाडी वळवत होता तेव्हा, ठकू ते तसंच सांभाळून जिना चढत होती आणि वर कुणीतरी ते गात होतं.

"माझ्याबद्दल काही विचारते?" त्याने विचारलं आणि विचारल्याचं त्याचं त्यालाच कसंसं झालं.

ठकूने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही. गाण्याचंच विचारते."

"बरं."

"मग बसचं काय? मी तिला म्हटलं, बाबालाच विचारते."

टेपवरचं गाणं संपत आलं होतं. शेवटचा सूर लांबत लांबत गेला, मग ती छोटीशी शांतता आली, आणि पुढचं सुरू झालं. आधी नुसती सतार, मग तिच्यात मिसळलेला एक तंबोरा. शब्द यायला अजून अवकाश होता. गावाच्या अलीकडची पाण्याची टाकी धुक्यातून दिसू लागली होती. घर तसं लांब होतं. सबंध गाणं आरामात झालं असतं.

त्याने हात पुढे केला आणि टेप बंद केला.

गाडीत एकदम चाकांचा आवाज ऐकू येऊ लागला. ठकूने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"काय झालं?"

"आज इथेच थांबू."

"इथे? अजून घर कुठे आलंय? त्या बाईने तोंडसुद्धा उघडलं नाही." ती जरा गोंधळली. "आईला काय सांगू, कुठवर आलं?"

रस्त्यावरचे दिवे लागत होते. त्याने काच थोडी खाली केली, थंड हवा आत घेतली आणि गाडी अगदी सावकाश चालवत तो म्हणाला,

"सांग, सगळंच राहिलंय."