धारक स्वतः गाडीत असल्यास

"टोपी काढा बाबा, खिडकी आली," धाकटा म्हणाला आणि त्यानं गाडी हळू केली.

बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, कार्ड काचेला टेकवलं आणि वरच्या कॅमेऱ्याकडे तोंड केलं. मागच्या अरुंद बाकावर अंड्यांचे ट्रे कोपरानं आवरत बसलेल्या थोरलीला त्यांचा एक कान आणि अर्धा गाल तेवढा दिसला. टोलनाक्याच्या खिडकीतल्या बाईनं सलामाचा हात कपाळाला लावला.

"काय काका, आज लवकर?"

"आम्ही कसले लवकर? अंडी लवकर उठतात. आम्ही आपले त्यांच्यामागनं."

बाई हसली. आडवा दांडा वर गेला आणि गाडी पुढे सरकली.

"बघितलंस?" बाबा मागे न वळताच म्हणाले. मान वळवायला त्यांना हल्ली जड जायचं. "चोवीस वर्षं लष्कराचा ट्रक हाकला. घाटात, बर्फात. एकानं सलाम केला नाही. आता नुसतं बसून राहतो, तर रोज चार सलाम."

"मग मजा आहे की तुमची," धाकटा म्हणाला.

"मजाच तर. पूर्वी मी गाडी न्यायचो, आता गाडी मला नेते."

थोरलीची ऑफिसची बस त्या दिवशी आलीच नव्हती, म्हणून ती या गाडीत बसली होती. एरवी तिला या प्रवासाची माहिती होती ती वेगळ्या मार्गानं. ते तिनं अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं.

माजी सैनिकाला टोल एक चतुर्थांश, असा नियम होता. गाडी कुणाचीही असो, मालाची असो, 'धारक स्वतः गाडीत असल्यास' सवलत मिळे. चार वर्षांपूर्वी धाकट्यानं अंड्यांच्या धंद्यासाठी गाडी घेतली. पहिल्याच आठवड्यात त्याच्या लक्षात आलं, की टोल भरून हातात काही उरत नाही. "बाबा, चार दिवस बसा नुसते. बसायचंच तर आहे," तो म्हणाला होता. ते चार दिवस अजून संपले नव्हते. सकाळी साडेपाचला निघायचं ते साडेबाराला परत. पुन्हा तीनला निघायचं ते सातला परत.

शहरात पहिल्या बेकरीसमोर गाडी थांबली. बाबांनी दाराच्या कडीला हात घातला.

"कुठे निघालात?"

"जरा पाय मोकळे करतो. डावा फार जड झालाय."

"इथे नको हो बाबा. नो पार्किंगचा फलक आहे. गाडीत माणूस दिसला नाही तर गाडी उचलून नेतात लगेच. पुढच्या ठिकाणी उतरा."

पुढच्या ठिकाणीही तसाच फलक होता. बाबांनी कडीवरचा हात काढला. थोरलीनं वाकून पाहिलं, तर त्यांच्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली होती. सुटलेली नव्हती, सोडलेली होती. बूट पायाला पुरत नव्हता.

"पाणी घ्या बाबा," तिनं बाटली पुढे केली.

"नको. प्यायलं की उतरावं लागतं."

ते त्यांनी इतकं सहज सांगितलं, की धाकट्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तो बिचारा ट्रे उतरवत पळत होता, घामानं निथळत होता. बाबांसाठी त्यानं पाठीला गादी शिवून घेतली होती, रेडिओ बसवला होता. वाईट मुलगा नव्हता तो.

"जुन्या रस्त्यानं का येत नाहीस रे?" तिनं विचारलं. "टोलच नाही तिथे."

"जुन्या रस्त्यानं? तिथून अंडी आण आणि घरी जाऊन ऑम्लेट कर. आहे काय तो रस्ता राहिलेला?"

 जुन्या रस्त्याची ही गत का झाली, ते त्या गाडीत फक्त थोरलीलाच ठाऊक होतं.

ती रस्ते खात्याच्या कचेरीत सवलतीच्या टेबलावर होती. लोकांना वाटे, टोलची कंपनी सैनिकांना पैसे सोडते. कंपनी एक पैसा सोडत नसे. महिन्याच्या महिन्याला ती सवलत घेतलेल्या गाड्यांची यादी पाठवी आणि सोडलेला टोल सरकार भरून देई. ज्या तरतुदीतून भरून देई, तिच्यातूनच नदीकाठच्या जुन्या रस्त्याची डागडुजी व्हायची. दर वर्षी सवलत वाढत गेली आणि डागडुजी आटत गेली. आधी खड्डे बुजवणं थांबलं. मग मोरी खचली, मग त्या वाटेची बस बंद झाली. मग दवाखान्यात जायचं असो की बाजारात, सगळ्यांनाच टोलच्या रस्त्यावर येणं भाग पडलं. जो टोल परवडत नाही म्हणून धाकटा बाबांना गाडीत बसवत होता, तो त्याला भरावा लागत होता, कारण त्याच्यासारख्या शेकडो गाड्यांत कुणाचे तरी बाबा बसलेले होते.

यादीसोबत फोटो येत. मालाच्या गाड्यांचे सगळे फोटो बघावे लागत, कारण लबाडीची शंका तिथेच. भाजीची गाडी, सिमेंटची गाडी, गाद्यांची गाडी, आणि प्रत्येकीत पुढच्या सीटवर एक म्हातारा. टोपी काढलेला. कुणी पेंगलेला, कुणी कॅमेऱ्याकडे बघून ताठ झालेला. त्यात रोज चार फोटो तिच्या बाबांचे. हे माझे वडील आहेत, असं तिनं ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. तुमचे फोटो माझ्याकडे येतात, असं घरात कुणाला सांगितलं नाही. घरी बाबा हसायचे, थट्टा करायचे, रात्रीचं जेवण झालं की लगेच झोपायचे. फोटोतले बाबा हसत नसत. चार वर्षांत त्यांच्या शर्टाची कॉलर मानेपासून सुटत गेली होती. थोरली प्रत्येक ओळीपुढे खूण करी आणि पानाखाली सही करी.

वार्षिक टिपणात तिनं एकदा लिहिलं होतं: 'सवलतीचा मोठा भाग मालवाहतुकीस जातो, धारकास त्याचा लाभ होतो असे दिसत नाही.'

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "सैनिकांच्या सवलतीवर बोट ठेवताय? पेपरवाले मला सोलून काढतील."

"सैनिकांवर नाही, साहेब. सैनिक नुसते बसलेत. माल दुसऱ्याचा जातोय."

"पण बसलेत ना?"

"बसलेत."

"मग झालं तर. ही ओळ काढा."

तिनंच ती काढली होती.

आता गाडी तिच्या कचेरीसमोर थांबली. ती उतरली, पुढच्या काचेपाशी आली. बाबांनी काच खाली केली.

"डबा घेतलास?"

"घेतला."

तिला काहीतरी बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. धाकटा म्हणाला, "ताई, हो बाजूला, उशीर होतोय." ती बाजूला झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास तिला फोन आला. धाकटा दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. त्याच्या हाताला अंड्याचा बलक वाळून चिकटलेला होता.

"ताई, मला वाटलं झोपलेत. परतीला रोज झोपायचे ना. घरी आल्यावर हाक मारली तर..."

डॉक्टर तरुण होते, पण नीट बोलले. पायात रक्ताची गाठ झाली असणार, ती वर सरकली. इथे आणलं तेव्हाच जाऊन तासभर तरी झाला असावा. "फार वेळ बसून असायचे का?" त्यांनी विचारलं.

आई म्हणाली, "म्हातारं माणूस, बसणारच."  धाकटा तोंड झाकून रडत होता.

महिन्याची यादी पुढच्या आठवड्यात आली. रजेवरून परतल्यावर तिच्याच टेबलावर ती ठेवलेली होती. त्या दिवसाच्या ओळी दोनच होत्या. जातानाचा फोटो नेहमीसारखा. परतीचा फोटो बारा वाजून चार मिनिटांचा. बाबांची मान काचेकडे कलली होती. धाकट्यानं एका हातानं कार्ड धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं, झोपमोड होऊ नये अशा बेतानं, त्यांची टोपी वर उचलली होती.

ओळीपुढे रकाना होता: धारक गाडीत. होय. नाही.

तिनं पेन उचललं. शेजारच्या टेबलावर कुणीतरी चहाचे पेले गोळा करत होतं. नाही म्हणावं, तर धाकट्यावर लबाडीचा ठपका. आणि नाही म्हणजे, बाबा तिथे नव्हतेच असं होणार. त्या सीटवर चार वर्षं बसलेल्या माणसाला शेवटच्या दिवशी तिथून कुणी पुसून टाकावं, हे तिला सोसवेना. तिनं 'होय'वर खूण केली. पानाखाली सही केली. पुढची गाडी गाद्यांची होती.

दोन महिन्यांनी धाकटा ऑफिसात आला. सोबत आई. आईनं पांढरं स्वेटर घातलं होतं, केस नीट विंचरले होते, जणू कुणाकडे पाहुणी निघाली होती. धाकट्यानं टेबलावर फॉर्म ठेवला. माजी सैनिकाच्या पत्नीच्या नावे कार्ड वर्ग करण्याबाबत.

"तुझ्याच टेबलावर होतं म्हणे हे," तो म्हणाला. "आईची सही झाली की तुझा शिक्का. पाच मिनिटांचं काम."

थोरलीनं फॉर्म वाचला. त्यात काही खोट नव्हती. पत्नीला हक्क होता. तिनं शिक्का मारला नसता, तर पलीकडच्या टेबलावर कुणीतरी मारला असता.

"आई, तू बसणार गाडीत?"

"मग काय झालं? बसायला मला काय धाड भरलीय? घरात तरी कुणाशी बोलू, भिंतींशी?"

"सकाळी साडेपाचला. दोन खेपा."

"तुझे बाबा बसायचेच की."

"ताई," धाकटा हळू आवाजात म्हणाला, "दोन महिने पूर्ण टोल भरतोय. हप्ता थकलाय. गाडी गेली तर करू काय मी? आईला त्रास होईल असं वागेन का? सीट बदलून घेतलीय. चांगली मऊ आहे."

"मध्ये उतरवशील तिला?"

"जमेल तिथे उतरवीन की."

"कुठे जमतं?"

 आईला या बोलण्याचा कंटाळा आला. "तुम्ही दोघं लहानपणापासून असेच," ती म्हणाली. "एकाचं झालं की दुसऱ्याचं. इकडे दे पेन." तिनं फॉर्म आपल्याकडे ओढला. चष्मा नाकावर घेतला. "कुठे करायची?"

थोरलीनं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"आई, थांब. बाबांचे फोटो माझ्याकडे यायचे."

"कसले फोटो?"

"टोलनाक्यावरचे. गाडीतले. रोज चार. चार वर्षं."

धाकट्यानं मान वर केली. "म्हणजे? तू बघत होतीस?"

"तपासायचे असतात ते. बघून सही करायची असते."

"आणि आजवर बोलली नाहीस?"

"नाही."

साहेबांच्या दालनाचं दार उघडं होतं. शेजारच्या टेबलावरचे लोक फायलींत डोकं घालून ऐकत होते. तिचा आवाज चढला नव्हता, पण ऑफिसात इतकी शांतता झाली होती, की तो शेवटच्या खिडकीपर्यंत पोचत होता.

आईनं पेन खाली ठेवलं. ती धाकट्याकडे बघत नव्हती, फॉर्मकडेही नाही. चार वर्षं पहाटे ज्याला डबा बांधून दिला, त्या माणसाबद्दल कुणीतरी तिला आज पहिल्यांदा काही सांगत होतं.

"कसे दिसायचे गं?" तिनं विचारलं.

"दमलेले, आई. पहिल्या महिन्यापासून. त्यांना उतरायचं होतं. मला दिसत होतं, आणि मी त्यांना एकदाही म्हटलं नाही, की बाबा, उतरा."