एकच हातमोजा

भाकरी मोडताना प्रियानं उजवा हात आखडला, आणि द्वारकाबाईंच्या नजरेनं तो बरोबर टिपला.

"हात दाखव."

"काही नाही गं आजी. स्कूटीचं हँडल लागलं."

द्वारकाबाईंनी तिचा पंजा ओढून घेतला. एक फोड करंगळीच्या बुडाशी, दुसरा अंगठ्याच्या बेचक्यात. हँडलनं असे फोड येत नाहीत. असे फोड दांड्याचे.

बहात्तरच्या दुष्काळात जाफराबादकडच्या खडीच्या कामावर बायका बसून हातोडीनं खडी फोडायच्या. मोठ्या दगडांवर घण घालायचं काम पुरुषांचं. द्वारकाबाई तेव्हा अठरा वर्षांच्या. नवरा तापानं पडला तेव्हा मुकादमाला न विचारता त्यांनी त्याचा घण उचलला, आणि पहिल्या आठवड्यात ह्याच दोन जागी फोड आले. काम संपलं त्या दिवशी घण लोहाराला देऊन टाकला आणि चारचौघींदेखत सांगितलं, "माझ्या घरातल्या पोरीच्या हाताला दांड्याचा फोड येऊ द्यायची न्हाई." त्या शब्दाखातर त्यांनी पोराला मास्तर केलं. नात आता नवीन जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत खुर्चीवर बसायची, गळ्यात ओळखपत्र घालायची.

मग हा फोड आला कुठून?

दुसऱ्या दिवसापासून द्वारकाबाईंनी पाळत ठेवली. पोरगी सकाळी साडेसहालाच निघायची. ऑफिसात काम वाढलंय म्हणायची. परत येताना बुटांना काळी माती. एकदा तिची पिशवी खुंटीवरून पडली, तर आतून पांढरा हातमोजा निघाला. एकच, तोही डाव्या हाताचा.

"बेबी, पोरीची नोकरी गेली," त्या सुनेला म्हणाल्या. "कुठंतरी रोजानं जाऊन राह्यली, आन आपल्यापासून लपवून राह्यली."

बेबीनंदा कणीक मळत होती. "काहीतरीच, आत्याबाई! रोज डबा घेऊन जाती की."

"डबा मी पण न्यायचे."



गुरुवारी प्रियाची स्कूटी गल्लीच्या तोंडाशी वळली, तशी द्वारकाबाईंनी शेजारच्या बबलूची रिक्षा धरली. "त्या पोरीच्या मागं चल. जल्दी. पण तिला दिसू नको."

"मावशी, पोलिसात भरती झाल्या का काय?"

"समोर बघ."

गाव मागं पडलं. एका तारेच्या कुंपणाजवळ स्कूटी थांबली. कुंपणाआड सोयाबीन काढलेलं रिकामं रान होतं, पार टोकाला एक लाल झेंडा रोवलेला. द्वारकाबाई रिक्षातून उतरल्या आणि तारेला धरून उभ्या राहिल्या. प्रिया वाकून उभी होती. हातात लांब, बारीक लोखंडी दांडा. ती तो खांद्यामागं नेऊन जोरात खाली आणायची, आणि दर वेळी मातीचं ढेकूळ उडायचं. मागं टोपीवाला एक माणूस हाताची घडी घालून उभा होता.

"पुन्हा," तो म्हणाला.

मुकादमही हेच म्हणायचा. द्वारकाबाईंनी फाटक लोटलं.

"ए बाबा! कोन तू? माझ्या पोरीला मातीत कुनी घातलं?"

प्रियाच्या हातातला दांडा गळाला. "आजी! तू इथं?"

"नोकरी कधी गेली ते सांग आधी."

"कुठं गेली? अगं, गोल्फ आहे हा. खेळ! कंपनीच्या टीममध्ये एक मुलगी हवी होती. शाळेत हॉकी खेळायचे म्हणून माझं नाव घातलं. रविवारी पुण्यात सामने आहेत, सगळे साहेब असणार."

"मंग लपवलं कशाला?"

प्रियानं मान खाली घातली. "फोड बघून तुला खडी आठवली असती. जेवली नसतीस तू. आणि दहा दिवस झाले, एक चेंडू सरळ जात नाही. काय सांगणार होते?"

टोपीवाल्यानं हात जोडले. "मी राजानंद, आजी. शिकवायला येतो. जोर आहे पोरीत, पण काठी चेंडूच्या आधी जमिनीला लागते."

द्वारकाबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पगारी माणसाला कुणी खेळायला लावतं, हे त्यांना बिलकुल पटलं नव्हतं. त्या तिथंच धुऱ्यावर, रानाच्या बांधावर बसल्या. "मार बघू."

प्रियानं मारला. चेंडू उजवीकडं बाभळीत गेला.

"अजून एक."

पुन्हा माती उडाली. द्वारकाबाईंनी डाव्या हाताची तर्जनी वर केली. पेरापासून वाकडी झालेली.

"हे कशानं झालं, ठाऊक हाय?"

"दगड लागला होता ना?"

"मान उचलली म्हनून. सुरुवातीला मी बी हातोडीच चालवायचे. मुकादमानं हाक मारली, घाव बसायच्या आधी मी वर पाह्यलं, तर हातोडी ह्या बोटावर. तू चेंडू कुठं जातो ते आधीच पाहून राह्यली. चेंडू गेला तरी डोळे जाग्यावर ठेव. आन नुसत्या हातानं काय हानतीस? कंबर फिरव, अंगाचा भार मागच्या पायावरून म्होरच्या पायावर येऊ दे."

राजानंद हसला. "आठवडा झाला, मी हेच सांगतोय."

"तू 'पुन्हा' म्हनतोस. कशानं चुकतंय ते सांगत न्हाईस," द्वारकाबाई त्याच्याकडं न बघताच म्हणाल्या. त्या उठल्या आणि नातीच्या मुठीवर हात ठेवला. मूठ दगडासारखी आवळलेली. "म्हनून फोड. कोंबडीचं पिलू धरतीस तसं धर. सुटू नये, मरू पन नये. मी शब्द दिलेला हाय, दांड्याचा फोड येऊ द्यायची न्हाई. तर मंग ढिला धर."

प्रियानं श्वास सोडला. दांडा मागं गेला, कंबर फिरली. ह्या वेळी आवाज वेगळाच आला, कोरडा आणि नेमका, दगड बरोबर शिरेवर फुटल्यासारखा. ती मान खाली घालूनच उभी राहिली.

"कुठं गेला, आजी?"

"लाल झेंड्याकडं. आता बघ."

पोरगी नाचली. द्वारकाबाई मात्र राजानंदकडं वळल्या. "दुसरा मोजा कुठंय तिचा?"

"एकच असतो, आजी." त्यानं आपला डावा हात दाखवला. त्यालाही एकच होता. तरी त्यांनी त्याची पिशवी वाकून बघितली.

शुक्रवारी सकाळी त्या घरून बसायला पाट घेऊन रानात आल्या. शनिवारीही आल्या.

शनिवारी संध्याकाळी पुण्याला निघण्याआधी प्रियानं न सांगता हात पुढं केला. द्वारकाबाईंनी तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला. जुने फोड सुकले होते, नवा एकही नव्हता. त्यांनी अंगठ्यानं सगळा तळवा चाचपला.

"बराबर," त्या म्हणाल्या. "आता दुसरा दाखव. तो मोज्यात असतो."