खडकदरीची डोण

द्वारकाबाईंचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं, आणि ते तापवलं होतं त्यांच्या पोटच्या पोरानं. बद्रीनाथ वाळूजच्या एका कंपनीत नुकताच सुपरवायझर झाला होता. त्याच्या साहेबांनी कंपनीतल्या क्लबातर्फे टूम काढली, की रविवारी सगळ्यांनी बायकापोरांसह कन्नडच्या पुढच्या अभयारण्यात पायी हिंडायचं, प्राणी-पक्षी बघायचे, जुना इतिहास ऐकायचा. जायचं ठिकाण खडकदरी आहे हे बोलता बोलता आईच्या कानावर पडलं, आणि आईनं ठेवणीतलं लुगडं बाहेर काढलं. बद्रीला ते नको होतं. तुला चालवणार नाही, असं तो दोनदा म्हणाला. ज्या डोंगरातून डोक्यावर सरपणाचे भारे घेऊन त्या पळत उतरायच्या, त्या डोंगरात म्हणे त्यांना चालवणार नाही.

खडकदरी हे त्यांचं गाव. होतं, असं म्हणायचं. अभयारण्य झालं, तीस घरं उठवली, तेव्हा बद्री आठ वर्षांचा होता. दोन वर्षं शहरात, शहागंजात एका खोलीत काढली आणि मग बजाजनगर. आणि आज हा पठ्ठ्या बसमध्ये साहेबांच्या बायकोला सांगत होता, आम्ही मूळचे शहागंजचेच. द्वारकाबाई मागच्याच सीटवर बसल्या होत्या. चारचौघांत पोराची शोभा नको, म्हणून त्या गप्प राहिल्या, पण घाट चढेपर्यंत त्यांनी त्याच्याकडं बघितलं नाही.

वाट दाखवायला अन्सार नावाचा तिकडचाच तरणा माणूस होता. त्यानं ओढ्याच्या ओल्या वाळूत एक ठसा दाखवला. साहेबांनी वाकून बघितलं, फोटो काढला आणि बिबट्या म्हणून सगळ्यांना जाहीर केलं. बायका दोन पावलं मागं सरकल्या.

द्वारकाबाईंनी नुसतं खाली बघितलं. बिबट्या चालताना नखं आत घेतो, इथं तर चारही नखं उमटली आहेत, हे तडस आहे, असं त्यांनी सांगून टाकलं. अन्सार हसला. मावशी बरोबर सांगतायत म्हणाला. साहेबही हसले, पण फोटोखाली त्यांनी बिबट्याच लिहिला.

"आई, जरा गप चाल ना," बद्री कानाशी येऊन म्हणाला.

मग सपाटी लागली. समोर सात चिंचा एका ओळीत उभ्या होत्या, त्यांच्या अलीकडं निवडुंगाचं कुंपण माजलेलं होतं. इथं येऊन साहेबांनी हातातला कागद उघडला. हे जंगल अगदी अस्पर्श आहे, इथं माणसाची वस्ती कधीच नव्हती, असं ते वाचू लागले. द्वारकाबाई तेव्हा शेजारीण भागूबाईच्या एके काळच्या अंगणात उभ्या होत्या. शेजारच्या दगडांच्या ढिगात त्यांची स्वतःची चूल होती, त्याच चुलीवर ह्या बद्रीच्या अंघोळीचं पाणी तापायचं. चिंचा काय आपापल्या चालत येऊन रांगेत उभ्या राहिल्या? त्या साहेबांच्या दिशेनं एक पाऊल पुढं झाल्या. सून हळूच म्हणाली, आत्या, पाणी प्या. त्यांनी बाटली ढकलून दिली. साहेब परका माणूस, त्याला माहीत नसेल. पण बद्री तिथंच उभा होता, साहेबांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत.

गावच्या विहिरीच्या पलीकडं डोण होती, जनावरांना पाणी प्यायची. अखंड काळ्या दगडाची, पुरुषभर लांब. ती दिसली आणि द्वारकाबाईंचे पाय आपोआप भरभर पडू लागले.

बहात्तरच्या दुष्काळात बद्रीचे वडील खडी फोडायच्या कामावर होते. छिन्नी धरायला ते तिथं शिकले. त्याच उन्हाळ्यात तहानेनं पिसाटलेली जनावरं गावात शिरायला लागली. पाऊसपाणी झाल्यावर त्यांनी गावाबाहेर ही शिळा धरली आणि दोन वर्षं शेतातून आलं की रोज तिच्यावर बसले. एक कड रोह्यांसाठी, म्हणजे नीलगायींसाठी उंच ठेवली, दुसरी सायाळ आणि सशांसाठी गुडघ्याखाली उतरवली. तेव्हापासून गावात नेम पडला, की सकाळची पहिली घागर घरात न्यायची नाही, ती रानाची. ती डोणीत ओतायची आणि मगच घरचं पाणी भरायचं. बाळंतिणीच्या घरची घागर शेजारीण ओतायची. चुकली तर बायका दारात येऊन बोलायच्या. पुढं गाव उठेपर्यंत खडकदरीत एक शेळीसुद्धा बिबट्यानं नेली नाही.

साहेब डोणीवर हात ठेवून उभे राहिले. निजामाच्या काळात इथं बडे लोक शिकारीला येत, त्यांच्या घोड्यांना पाणी पाजायला ही डोण खास कारागीर आणून घडवली, असं त्यांनी सांगितलं. बुडाशी दोन भोकं होती. एक पाणी सोडायला, आणि दुसरं, जरा वरचं, घोड्याचा दोर बांधायला, असं साहेब म्हणाले. आपल्या क्लबातर्फे इथं आज फलक लावायचा आहे, हेही त्यांनी सांगितलं. बसमधून आणलेला पत्र्याचा फलक दोघांनी उभा धरला. त्यावर घोडा काढलेला होता. अन्सारनं खड्डा घ्यायला पहार उचलली.

दोर बांधायला! द्वारकाबाईंच्या अंगाची आग आग झाली. ते वरचं भोक म्हणजे बद्रीच्या वडलांची चूक होती. छिन्नी वाकडी गेली, भोक तळाच्या दोन बोटं वर निघालं, तळाचं पाणी निघेना. त्यावरून द्वारकाबाईंनी त्यांना काय काय ऐकवलं होतं. मग त्यांनी खाली दुसरं पाडलं, पण पहिलं बुजवलं नाही. राहू दे म्हणाले, लोकांना कळू दे की शिकाऊ माणसाचं काम आहे. आणि आता त्या चुकीवर घोडा बांधला होता ह्या लोकांनी. आयुष्यभर राबलेल्या माणसाची चूकसुद्धा त्याच्याकडं ठेवली नव्हती.

"घोडं नव्हतं हितं," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "हितं गाव होतं. ही डोण आमच्या गावातल्या माणसानं केली, रानातल्या जनावरांसाठी."

सगळे वळले. साहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की आजी, अशा दंतकथा सगळीकडं असतात, पण इतिहासाला पुरावा लागतो, कुठं काही कोरलेलं आहे का, कुणाचं नाव आहे का. ज्याला सही येत नव्हती तो दगडावर नाव कुठून कोरणार होता?

अन्सारनं पहार खाली टेकवली. त्यानं मनापासून विचारलं, "कुणी केली, मावशी? नाव सांगा."

नाव. लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव द्वारकाबाईंच्या ओठांवर आलेलं नव्हतं. दवाखान्यात, रेशनच्या दुकानात कुणी विचारलं की त्या बद्रीला पुढं करायच्या, तो नसला तर कार्ड पुढं करायच्या. बारा वर्षांपूर्वी नवऱ्याची तिरडी उचलली तेव्हाही त्यांनी हंबरडा फोडला तो नावाशिवायच. ते नाव घेणं त्यांचं काम नव्हतं. ज्याच्या नावापुढं ते रोज लागतं, ज्याच्या कंपनीच्या ओळखपत्रावर ते छापलेलं आहे, तो चार हातांवर उभा होता.

त्यांनी बद्रीकडं बघितलं. बघतच राहिल्या. बद्रीनं एकदा साहेबांकडं पाहिलं, एकदा आपल्या बुटांकडं. मग तो फलक धरणाऱ्याला म्हणाला, जरा डावीकडं घ्या.

तेव्हा द्वारकाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि डोणीच्या उतरत्या कडेवर हात ठेवला.

"कडूबा," त्या म्हणाल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाल्या, "कडूबा फकिरा दांडगे. राहणार खडकदरी."

लहानगी नात आजीकडं बघत राहिली. सुनेनं तोंडाला पदर लावला. साहेबांना काही उमगलं नाही. त्यांनी हसून विचारलं, की हे कोण, तुमच्या ओळखीतले का? मग त्यांची नजर बद्रीच्या छातीवरच्या क्लबच्या बिल्ल्यावर गेली, तिथं पूर्ण नाव होतं, आणि त्यांचं हसू थांबलं.

"माझे वडील," बद्री म्हणाला. "सर, आम्ही इथलेच. मी ह्या विहिरीवर..." अन्सारनं पहार जमिनीवर आडवी ठेवली. बद्री आईजवळ आला, तिचा हात धरायला गेला.

द्वारकाबाईंनी हात काढून घेतला.

"आता बोललास," त्या म्हणाल्या. "एवढंच आधी बोलला असतास, तर मला त्यांचं नाव घ्यायची पाळी आली नसती."