किसनरावांचा पडदा

घाबरू नका, मी पडदाच बोलतोय. घाबरायचं काम माझं आहे आणि ते मी इमानेइतबारे करतो. वारा सुटला की वाटतं, आता फाटलो. कुणी बिडी पेटवली की वाटतं, संपलं सगळं.

मी मूळचा मांजरपाट. किसनरावांनी वसमतच्या दुकानातून मला लेकीच्या लग्नात मांडवाची कनात म्हणून आणलं. लग्न उरकलं आणि मी पेटीत गेलो. उंदरांच्या धास्तीनं तिथं माझा डोळ्याला डोळा लागला नाही. मग शाळेतल्या साधनाबाईंनी गावात माहितीपटांचा महोत्सव भरवायचं मनावर घेतलं. खोटी मारामारी नाही, नाचगाणी नाहीत, खऱ्या माणसांचे सिनेमे. किसनरावांनी मला मोठ्या मनानं दिलं आणि "पडदा आपला हाय" हे दरवर्षी माईकवरून न विसरता सांगितलं.

तेव्हापासून माझ्या अंगावर काय काय येऊन गेलं! मिठागरात पाय सोलवटलेली माणसं, तुरुंगात जन्मलेली लेकरं, मधमाश्या, आटलेली नदी, सर्कशीतून सुटलेला म्हातारा हत्ती. हत्ती आला त्या दिवशी शिवण उसवते की काय, या काळजीनं मी अर्धमेला झालो होतो.

आमच्याकडं पुरुष माझ्यासमोर बसतात आणि बाया मागं. सासऱ्या-दिरांपुढं सुनांना अवघडतं, म्हणून ही सोय. मागून सगळं उलटं दिसतं. माणसं डाव्या हातानं जेवतात, पाट्या वाचता येत नाहीत. बायांना त्याचं काही वाटत नाही. हसू आणि रडू आधी त्यांच्याच बाजूला फुटतं, हे मी दोन्हीकडून पाहिलंय.

यंदा मात्र माझ्या जिवाला घोर लागला. यंदा हळदीवरचा माहितीपट होता, आमच्याच गावात केलेला. मागच्या हंगामात शहरातली मुलं कॅमेरा घेऊन आली, तेव्हा किसनरावांनी त्यांना चहा पाजला, हळदीचे ढीग दाखवले. नंतर ती मुलं तांड्यावरच्या रूपाबाईशी बोलत बसली. किसनरावांच्या हळद शिजवायच्या कुकरवर काम करताना वाफेनं तिचा हात कोपरापर्यंत भाजला होता. बाई बेफिकीर, पाय घसरून पडली, असं किसनरावांनी सांगितलं आणि गावानं ते मानलं. रूपाबाईनं कॅमेऱ्यासमोर खरं काय ते सांगून टाकलं. तिला वाटलं, हे पुण्या-मुंबईला बघतील, इथं कोण बघतंय?

मला बांबूंना बांधत होते, तेव्हा ती साधनाबाईंकडं आली.

"बाई, आमची फिलीम लावू नका. मालक समोरच बसतेत. माझं काम तर गेलंच, आता घरच्या माणसाला बी काढतेन."

"तुम्ही नको म्हणालात तर नाही लावणार," साधनाबाई म्हणाल्या.

तिनं माझी कड हातात धरली आणि पिळत राहिली.

"माझी सून, शिला, यंदा त्याच कुकरवर जाणार हाय," ती शेवटी म्हणाली. "झाकणाची कडी अजून तारंनंच बांधेल हाय. तिला सांगितलं तर म्हनती, मालक म्हनतेत तुमीच घसरल्या. लावा बाई. पर म्या मागं बसन."

अंधार पडला. मैदान भरलं. पहिल्या खुर्चीवर किसनराव, मागच्या बाजूला बायांमध्ये रूपाबाई आणि तिला चिकटून शिला. पिवळेधमक ढीग दिसले तेव्हा किसनराव खुशीत मान डोलावत होते. मग माझ्या अंगभर रूपाबाईचा चेहरा आला.

"कडी तुटेल व्हती. म्या मालकाला बोलले. त्ये म्हनले, एवढं शिजू दे, मंग बघू."

पुढच्या पुरुषांत खुसपूस झाली आणि एकदम थांबली. किसनराव उठले. त्यांची सावली माझ्यावर पडली, तिच्या तोंडावर, ओठांवर. "बंद करा ते!" ते ओरडले आणि माझ्याकडं निघाले. मालकच ते माझे, एका झटक्यात टरकावतील, या भीतीनं माझा धागा न् धागा ताठला.

तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला.

"मालक, खाली बसा. माझ्या सुनंला दिसून न्हाई राहिलं."

रूपाबाईचा आवाज. थरथरत होता, पण शेवटच्या माणसापर्यंत गेला. मग मागून दुसरी म्हणाली, "बसा की." तिसरीनं तेच म्हटलं. किसनराव होते तिथंच थबकले आणि मग मागं वळून खुर्चीत बसले.

आता मी शाळेच्या कपाटात घडी होऊन पडलोय. पडदा परत पाठवा, असा किसनरावांचा निरोप आलाय. माझी फडकी होतील की पायपुसणी, देव जाणे. पण खरी काळजी ती नाही. हळद निघायला लागलीय, आणि इथून मला काहीच दिसत नाही. तुमचं वसमतजवळच्या कुरुंद्याकडं येणं झालं, तर वाट वाकडी करून आमच्या गावात या. त्या कुकरची कडी नवी बसवली का, तेवढं बघा. बसवली नसेल आणि शिला तिथं असेल, तर तिला म्हणावं, पोरी, जरा लांब उभी राहा.