वरच्या कप्प्यातलं पत्र

पत्रं माणसांना येतात, पण राहतात माझ्याजवळ. पत्रं खोचून ठेवायची बांबूची टांगणी आहे मी, मित्रांनो, आणि आता फार जुनी झाले आहे. हातभर लांब, वीतभर रुंद. मला दोन कप्पे आहेत, एक वरचा आणि एक खालचा. वरच्याचं तोंड फाकलं आहे. ते कसं फाकलं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

कोरियाच्या दक्षिणेकडे, सोदोक नावाच्या गावात माझा जन्म झाला. तेव्हा आमच्याकडे डाकघर नव्हतं. घरामागे बांबूचं बन होतं. हिवाळ्यात शेतं गोठली की घरधनी अंगणात उन्हाला बसून बांबू चिरायचा. त्या वर्षी त्याची मुलगी ओक्बुन लग्न होऊन पाम्जे खिंडीपलीकडे जाणार होती. त्याच्या हातातल्या पातळ पट्ट्या बघून बायको म्हणाली, "टोपल्या पुष्कळ आहेत घरात. हे काय करताय?"

"पोरगी पत्रं पाठवेल. ती कुठे ठेवशील? लोणच्याच्या रांजणात?"

"ठेवीन माझ्या उशाखाली."

"मग उशीच वाचेल ती. तुला कुठे वाचता येतं?"

ती हसली आणि त्याच्या पाठीत एक धपका घातला. माझ्या आयुष्यातला पहिला आवाज तो.

त्यानं मला आतून जाड कागद चिकटवला, वरून तेल चोळलं आणि बायकांच्या खोलीत दारासमोरच्या भिंतीवर टांगलं. मग बायकोला समजावून सांगितलं, "ज्याचं उत्तर द्यायचं आहे ते वर. उत्तर दिलं की खाली. वरचा रिकामा दिसला की समज, कुणी तुझी वाट बघत नाही."

आमच्याकडे लग्न झालेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावाच्या नावानं हाक मारतात. म्हणून माझी मालकीण गावासाठी तोक्सानवाली होती. ओक्बुन निघाली त्या सकाळी तिनं आईला खाली बसवलं, तिचा पाय कागदावर ठेवून कोळशानं त्याच्याभोवती रेघ ओढली आणि ते माप कापून कमरेला खोचलं. दर हिवाळ्यात आईचे कापूस भरलेले मोजे तीच शिवायची. "तिकडूनही मीच शिवीन," ती म्हणाली. "वहिनीला सांगू नकोस. तिचे टाके सैल असतात." वहिनी दारातच उभी होती. "ऐकलं मी," ती म्हणाली, आणि मग दोघी गळ्यात पडून रडल्या.

माझी कामाची वर्षं तेव्हापासून सुरू झाली. खिंडीपलीकडची पत्रं आणायची एक कंगवेवाली. ती बाजार फिरत फिरत यायची, त्यामुळे पत्राला कधी दहा दिवस लागत, कधी महिना. सूनबाई मोठ्यानं वाचायची आणि तोक्सानवाली भाजी निवडायचं थांबवून ऐकायची. गाय व्याली. सासूबाईंचा खोकला उतरला. मुलगी झाली, चोंगसिम नाव ठेवलं. चोंगसिमला दात आला. पलीकडच्या चुलतसासऱ्यांना देवाज्ञा झाली, जेवता जेवता गेले, हातात चमचा होता. वाचून झालं की तोक्सानवाली म्हणायची, "तो चमच्याचा भाग पुन्हा वाच." मग पत्र माझ्या वरच्या कप्प्यात यायचं आणि दोन-चार दिवसांत सूनबाईनं उत्तर लिहिलं की खाली उतरायचं. पाहुणे मला बघून म्हणत, "या घरात माणसांची आठवण नीट ठेवतात." मला फार बरं वाटायचं.

एकच पत्र माझ्याकडे येत नाही. कुणी गेल्याची चिठ्ठी आमच्याकडे घरात आणत नाहीत. ती आणणारा फाटकाबाहेर उभा राहतो. घरातला पुरुष तिथेच ती वाचतो आणि फाटकावरच्या गवताच्या छपरात खोचून ठेवतो. मरण उंबऱ्याच्या आत येऊ नये म्हणून. घरधनी गेला तेव्हा मुलगा मानसोक यानं अशा चिठ्ठ्या अंगणात बसून लिहिल्या आणि बाहेरच्या बाहेर पाठवल्या. ओक्बुन आली, तीन दिवस राहिली आणि गेली. त्यानंतर तीन वर्षं मायलेकींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं.

मग त्या वर्षी, लावणीच्या आधी, ओक्बुनचं पत्र आलं. "आई, मला अर्धी भेट दे. सासूबाई जा म्हणाल्या आहेत."

अर्धी भेट म्हणजे दोघींनी आपापल्या गावाहून अर्धी वाट चालायची, खिंडीत बसून एकमेकींच्या शिदोऱ्या खायच्या आणि अंधाराच्या आत घरी परतायचं. पाम्जे खिंड बरोबर मध्यावर होती.

"आत्ता?" तोक्सानवाली म्हणाली. "रोपं वाफ्यात उभी आहेत, आणि ही म्हणते खिंडीत ये."

"उत्तर तरी पाठवू का, आई?" सूनबाईनं विचारलं.

"काय लिहिशील? येत नाही म्हणून? लावणी होऊ दे, मग ठरवून लिहू."

पत्र वरच्या कप्प्यात राहिलं. लावणी झाली. मग पाऊस लागला. मग सूनबाईची मुलं तापानं पडली. सूनबाईनं दोनदा आठवण केली आणि दोन्ही वेळा तोक्सानवाली म्हणाली, "उद्या." चाळीस दिवस मी ते पत्र वर धरून होते. शेवटी उत्तर गेलं, की आठव्या महिन्याची पौर्णिमा झाली की पाचव्या दिवशी खिंडीत येते.

सातव्या महिन्यात खिंडीकडून एक माणूस धावत आला आणि फाटकाबाहेर थांबला.

माझ्या जागेवरून ओसरी, अंगण आणि फाटक एका रेषेत दिसतं. मानसोक बाहेर गेला. त्यानं कागद वाचला आणि बराच वेळ छपराकडे बघत उभा राहिला, जणू कुठे खोचायचा ते समजत नव्हतं. तोक्सानवाली ओसरीवर लसूण बांधत होती. तिनं त्याचा हात वर जाताना पाहिला.

"कोण?" तिनं विचारलं.

मानसोक फाटकातून आत आला.

"ओक्बुनची सासू असेल. खोकला होता तिला."

"नाही, आई," तो म्हणाला. "आपली ओक्बुन. ताप आला होता."

ती लसणाची जुडी बांधत राहिली. ती पूर्ण झाली तेव्हा तिनं दुसरी घेतली. सूनबाईनं तिच्या हातातून लसूण काढून घेतला, तेव्हा कुठे ती रडली.

मी पत्रांचं घर आहे, मित्रांनो. पण ओक्बुनच्या घरून आलेलं ते एक पत्र माझ्यासमोर पंधरा दिवस पावसात भिजलं आणि मी त्याला आत घेऊ शकले नाही.

पंधराव्या दिवशी कंगवेवाली आली. ती लांबचा फेरा करून येत होती, तिला काही ठाऊक नव्हतं. फाटकातूनच तिनं आवाज दिला, "अहो तोक्सानवाली, आधी तोंड गोड करा, मग पत्र देते. लेकीनं बजावलंय, आईच्याच हातात द्या म्हणून. मला गेल्या खेपेला नुसतं पाणी पाजलंत, विसरले नाही मी." कुणी हसलं नाही. तिनं सगळ्यांकडे पाहिलं, मग मागे वळून फाटकाच्या छपराकडे पाहिलं. डोक्यावरची टोपली खाली ठेवून ती जमिनीवर बसली. "मी आधी उत्तरेच्या बाजारांना गेले हो," ती म्हणाली. "मी सरळ यायला हवं होतं."

"तुमचं काय चुकलं?" तोक्सानवाली म्हणाली. "उशीर माझ्याकडूनच सुरू झाला." तिनं आत जाऊन तिळाची वडी आणली आणि कंगवेवालीच्या हातावर ठेवली.

सूनबाईनं पत्र वाचलं. "आई, पाचव्या दिवशी नक्की येते. तांदळाच्या उकडीत तिळाचं सारण भरून आण, इथे चेस्टनटचं सारण करतात, मला आवडत नाही, पण खाते. तुझे मोजे घेऊन येते. तुझा पाय आता बदलला असेल का? चोंगसिम चार वर्षांची झाली, तिलाही आणते. उशीर करू नकोस."

त्या पत्राला कसलं उत्तर देणार? पण ते खालच्या कप्प्यातही कसं जाणार? तोक्सानवालीनं ते स्वतः वरच्या कप्प्यात ठेवलं.

पौर्णिमा झाली. चौथ्या दिवशी तिनं तांदूळ भिजत घातले. मानसोक समजून गेला. "आई, कुणाला भेटायला चालली आहेस?"

"मला बोलावलंय."

"आई..."

"एकदा बोलावलं तेव्हा गेले नाही. आता जाऊ दे मला."

पाचव्या दिवशी पहाटे ती शिदोरी डोक्यावर घेऊन एकटी निघाली. त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही. दिवस मावळता मावळता ती परत आली, ओसरीवर बसली आणि सूनबाईला सांगू लागली. मी भिंतीवरून ऐकलं, ते असं.

खिंडीत ती एका झाडाखाली बसली होती. पलीकडच्या वाटेनं एक म्हातारी पाठीवर पोर बांधून, थांबत थांबत, खोकत वर आली. ती ओक्बुनची सासू होती. विहिणी-विहिणींनी भेटायची आमच्याकडे रीत नाही. दोघी एकमेकींपुढे वाकल्या.

"तिचं पत्र तुम्हाला पोचलं की नाही, मला कळायला मार्ग नव्हता," सासू म्हणाली. "पोचलं असेल तर तुम्ही इथे येऊन एकट्याच बसाल, असं वाटलं. म्हणून आले."

मग तिनं कमरेच्या पोटलीतून मोजे काढले. "एक तिनं पुरा केला होता. दुसऱ्याचे टाके माझे आहेत. डोळ्यांना दिसत नाही, विहीणबाई, सांभाळून घ्या."

तोक्सानवालीनं तिथेच मोजे घातले. ते बसले. दोघींनी शिदोऱ्या उघडल्या. चोंगसिमनं एक उकडीची वडी खाल्ली, दुसरी हातात धरली आणि विचारलं, "आजी, माझी आई तुझ्याकडे आलीय ना?"

सासूनं मान खाली घातली. "काय सांगू तिला? आई माहेरी गेली म्हटलं," ती म्हणाली.

तोक्सानवाली म्हणाली, "नाही बाळा, आई माझ्याकडे नाही. ती आता कुठेच भेटायची नाही. पण तिची पत्रं आहेत माझ्याकडे. तुझ्यासाठी ठेवली आहेत."

एवढं सांगून तिनं पायातले मोजे काढले आणि सूनबाईपुढे धरले. "बघ, म्हातारीचे टाके तुझ्यापेक्षा सैल आहेत." सूनबाई हसली आणि तोंडावर बाही धरून आत गेली.

त्या हिवाळ्यात तोक्सानवाली अक्षरं शिकायला लागली. सकाळी चुलीतली राख ताटात पसरायची आणि काडीनं रेघा ओढायच्या. तिची बोटं भाताच्या रोपांना सरावलेली, काडीला नाही.

"कोंबडी चालून गेल्यासारखं दिसतंय," ती म्हणायची.

"कोंबडी नीट चालतेय, आई," सूनबाई म्हणायची. "जरा डावीकडे झुकतेय, इतकंच."

एक हिवाळा गेला, दुसरा गेला. ओक्बुनचं पत्र वरच्या कप्प्यात होतं. ती रोज ते काढायची, कालच्यापेक्षा एक शब्द जास्त वाचायची आणि पुन्हा खोचायची. रोजच्या त्या काढण्या-घालण्यानं माझी पट्टी वाकली. माझ्या फाकलेल्या तोंडाची हीच हकिकत. ते कुणी दुरुस्त करू नये, असं मला वाटतं.

तिसऱ्या वसंतात तिनं खरा कागद आणि शाई मागितली. सूनबाई लिहायला बसली तर म्हणाली, "तू सरक." सकाळी बसली ती ऊन ओसरीवरून उतरेपर्यंत लिहीत होती. कागदावर इतकंच होतं:

"चोंगसिम, तुझ्या आईनं मला पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर तुला देते. मी आले होते. उकडीत तीळच भरले होते. पाय बदलला नाही, मोजे बसले. आधीच्या पत्राला मी उशीर केला, ती चूक माझी. तू लिहायला शीक. मी शिकले."

शाई वाळली. तिनं माझ्या वरच्या कप्प्यातून ओक्बुनचं पत्र काढलं, एकदा सगळं स्वतः वाचलं, कुणाला न विचारता, आणि खालच्या कप्प्यात ठेवलं.

त्यानंतर चोंगसिमची पत्रं येऊ लागली. दर शरदात खिंडीत आजी-नातीची अर्धी भेट व्हायची. तोक्सानवाली गेली तेव्हा तिची चिठ्ठी चोंगसिमच्या फाटकावर खोचली गेली. दिवसकार्याला चोंगसिम आली, आणि मानसोकनं मला सगळ्या पत्रांसकट तिच्या हातात दिलं.

आता चोंगसिमही म्हातारी झाली आहे. तिच्या घरातल्या नव्या मंडळींनी मला स्वयंपाकघरात हलवलं. वरच्या कप्प्यात लसूण असतो, कधी बियांच्या पुड्या. धुरानं मी काळी पडले, आतला कागद उंदरांनी कुरतडला. खालच्या कप्प्याला मात्र चोंगसिम कुणाला हात लावू देत नाही. वरचा रिकामा दिसला की कुणी वाट बघत नाही असं समज, असं माझा धनी म्हणाला होता. तो चांगला माणूस होता, पण हे त्याचं खरं नव्हतं. छपरातल्या त्या भिजलेल्या कागदाची मी अजून वाट बघते. तो आत आला असता तर मी त्याला ओक्बुनच्या बाकीच्या पत्रांशेजारी ठेवलं असतं.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू घरात असेल तर तिच्यात लसूण ठेवा, माझी तक्रार नाही, फक्त आत आधीपासून काय आहे ते एकदा बघा. आणि कुणाचं पत्र उत्तरावाचून पडलं असेल तर लावणी संपायची वाट बघू नका. आजच दोन ओळी लिहा. कोंबडी डावीकडे झुकली तरी चालेल.